वापरलेलं कार्बन बॉनेट: पेंटरला रिमूव्हर लावू देऊ नका

तुम्ही लिहिलंय की जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया गाडीसाठी वापरलेलं कार्बन फायबर बॉनेट घेतलं, वरचं लॅकर (पारदर्शक चकाकीचा थर) पिवळट पडलंय, मधे पांढुरके डाग आहेत आणि पेंटर म्हणतोय, "रिमूव्हर मारू, दोन तासांत साफ." हे वाक्य ओळखीचं आहे, म्हणून लांब उत्तर देतोय. धुणं, टेप लावणं, स्प्रे गन धरणं येतं असं धरून चालतो.

रिमूव्हर, म्हणजे जुना रंग सोडवणारं रसायन, पत्र्यासाठी असतो. पत्रा त्याला दाद देत नाही, वरचा रंग तेवढा फुगून सुटतो. कार्बनच्या बॉनेटमध्ये कापड धरून ठेवतं ते इपॉक्सी, म्हणजे लॅकरसारखंच एक रेझिन. मिथिलीन क्लोराइडवाल्या रिमूव्हरला लॅकर कुठे संपलं आणि इपॉक्सी कुठे सुरू झालं हे कळत नाही. इपॉक्सी मऊ पडतं, फुगतं. त्याहून वाईट म्हणजे पिनहोलांमधून, म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांमधून, रिमूव्हर आत मुरतो आणि वरून कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. नवं लॅकर चढवलं की दोन आठवडे बॉनेट झकास दिसतं. मग कडक उन्हात आतला अंश वर येतो आणि फोड उठतात. तोवर पैसे देऊन झालेले असतात आणि पेंटर म्हणतो, "मालच डुप्लिकेट होता." फायबरला चालणारे रिमूव्हर मिळतात हे खरं, पण जुन्या, तडकलेल्या लॅकरखाली काय आहे ते दिसत नाही. माझं मत विचाराल तर तेही नकोत.

हीट गनचं तसंच. साध्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी बहुधा ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. ऑटोक्लेव्हमधलं प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कापड, दाबाच्या भट्टीत तापवून पक्कं केलेलं) जास्त सोसतं, पण बाजारातलं बॉनेट कोणतं हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून पेंटरच्या बूथमध्ये (फवारणीच्या बंद खोलीत) 'बेक' करायचं, म्हणजे लॅकर गरम हवेने सुकवायचं झालं तर ५० अंशांच्या आत, नाहीतर कापडाची वीण लॅकरवर उठून दिसते.

तेव्हा घासण्याला पर्याय नाही. त्याआधी दोन चाचण्या करा. पांढऱ्या डागावर पाणी ओता. ओलं असताना डाग गायब झाला तर दोष वरच्या लॅकरमध्ये आहे, काम सोपं. तसाच राहिला तर खाली रेझिनमध्ये तडे किंवा पोकळी आहे. मग नाण्याने सगळीकडे टकटक करा. खणखणीत आवाजाच्या मधे कुठे बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलाय. बिजागरी किंवा लॅचपाशी तसं आढळलं तर रंगाचा विचार सोडा, आधी दुरुस्ती. चालत्या गाडीत बॉनेट उघडून काचेवर आपटणं ही गंमत नाही.

घासण्याआधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने (हा रंग काढत नाही, फक्त मेण-तेल उचलतो) पुसा, एक कापड लावायला, दुसरं कोरडं उचलायला. हे नंतर केलं तर जुन्या पॉलिशचं सिलिकॉन पेपरने आत रगडलं जातं आणि नव्या लॅकरला माशाचे डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. लॅकर नुसतं धुरकट असेल तर १००० नंबरच्या पेपरपासून २००० पर्यंत (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) पाण्याने घासून रबिंग-पॉलिश पुरतं. सोलवटलं असेल तर ४०० च्या वॉटर पेपरने, ठोकळ्यावर लावून, सुरुवात करा आणि ६०० वर थांबा. घासायचं मशीन कडांवर आणि उभार रेषांवर फिरवू नका, तिथे लॅकर सर्वांत पातळ असतं. तिथे टेप लावून ठेवा आणि शेवटी हाताने करा.

नजर पाण्याच्या रंगावर ठेवा. दुधाळ पाणी म्हणजे लॅकर. करडं-काळं झालं की धागा कापला जातोय, तिथेच थांबा. वरचं कापड जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतं आणि बऱ्याच बॉनेटांत खाली नुसतं ग्लासफायबर. वीण एकदा कापली की लॅकरने ती जागा गडद होते, पण तिरकं पाहिलं की चट्टा दिसतोच. मग वर कार्बनचा नवा थर किंवा गाडीच्या रंगाचा पेंट, एवढेच मार्ग. पुट्टी तर उघड्या कार्बनवर चालतच नाही. रंगाची जाडी मोजणारं नेहमीचं पेंट मीटरही इथे कामाचं नाही, ते धातूवरच मोजतं.

पिनहोल असतील तर पातळ लॅमिनेटिंग इपॉक्सीचा (कापडात मुरवतात त्या प्रकारच्या) एक हात द्या, सुमारे दीड चौरस मीटरला ३०० ग्रॅम. काट्यावर मोजा, हार्डनर 'लवकर सुकावं' म्हणून वाढवू नका. मिश्रण उथळ ट्रेमध्ये ओता, खोल डब्यात ते स्वतःच तापतं. सेट झाल्यावर आधी पाण्याने धुवा, नाहीतर वरची मेणचट साय पेपरमध्ये अडकते. मग पुन्हा ४००-६००. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतंच, त्यामुळे वर यूव्ही-रोधक २के लॅकर (हार्डनर मिसळून वापरायचं, दोन भागांचं) लागतंच. गनला १.३ मिमीचं नोझल, तीन हात, मधे १०-१५ मिनिटं. एक लिटर लॅकर आणि त्याचा हार्डनर भरपूर होतो. प्रमाण डब्यावरचं पाळा, माझं नको. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे काम काढूच नका, दमटपणाने लॅकर धुरकट पडतं. दिवाळीनंतर करा.

२के हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. त्याला एन९५ मास्क पुरत नाही, हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर फवारणी बूथवाल्याकडून करून घ्या, पण घासणं स्वतः करा. कोरडं घासू नका, कार्बनची धूळ वीज वाहते, बॅटरी-अल्टरनेटरपाशी ती नको.

बसवताना बिजागरीचे बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि खाली नायलॉन वॉशर टाका. कार्बनला थेट टेकलेलं साधं लोखंड किंवा ॲल्युमिनियम ओल्या हवेत झपाट्याने गंजतं. आणि बॉनेट बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. दावा केल्यावर घसाऱ्याच्या तक्त्यात प्लास्टिकला ५० टक्के आणि ग्लासफायबरला ३० टक्के कापतात, कार्बन कुठे धरायचं यावर सर्व्हेअर वाद घालतो.