परळच्या फुटपाथवर नाश्ता : पहिल्या महिन्यापुरतं

परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या पेशंट-नातेवाइकांपैकी रोज दोनशे जणांना खाऊ घालायचा तुमचा बेत छान आहे, पण आधी आठवड्यातून एकच दिवस आणि पन्नासच जण धरा. रविवार नको, तेव्हा नाश्ता वाटणारे बरेच असतात. बुधवार घ्या. तो मात्र चुकवायचा नाही. टाटा हॉस्पिटलबाहेर राहणारी माणसं वाट बघतात, खाडा झाला की उपाशीच नंबर लावायला जातात.

पदार्थ एकच ठेवा. पहिल्या दिवशी मी शेंगदाणे घालून कांदेपोहे नेले. एका काकांनी डिश घेतली, बोटाने दाणे बाजूला सारले, एक घास घोळवला आणि डिश बायकोकडे सरकवली. तोंडाचा कॅन्सर. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं! तेव्हापासून सैलसर, बिनमिरचीचा उपमा. पन्नास जणांना तीन किलो रवा पुरतो.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका :

- ओलं खोबरं, बटाटा घालणं. बंद डब्यात, उन्हाळ्यात, लवकर आंबतं. पाचला फोडणी, साडेसहाला वाटप. उरलेलं दुपारी वाटायचं नाही.
- फोटो काढणं. देणगीदाराने मागितला तरी भरलेल्या पातेल्याचा पाठवा.
- "काम का करत नाही?" विचारणं.

ट्रस्ट, देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी वगैरे सध्या राहू दे. खर्चाची वही ठेवा. आणि कचऱ्याच्या दोन मोठ्या पिशव्या न्या, नाहीतर समोरचा दुकानदार पुढच्या बुधवारी उभं राहू देणार नाही.