ऑलिंपिकमुळे शहरांचं काय होतं, यात करिअर करता येईल?

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑलिंपिक, फुटबॉल विश्वचषक अशा स्पर्धा भरवल्यावर त्या शहरांचं पुढे काय होतं, याबद्दल मी मिळेल ते वाचते. यातच काम करावं असं वाटतं. बाबा म्हणतात, मग स्पोर्ट्‌स मॅनेजमेंट कर. माझ्या मनात नगरनियोजन किंवा सार्वजनिक धोरण आहे. या विषयात खरंच नोकऱ्या असतात का? आणि मुळात अशा स्पर्धांनी शहराचा फायदा होतो की तोटा?

उत्तर :

आधी बाबांच्या सल्ल्याचं बघू. स्पोर्ट्‌स मॅनेजमेंट हा अभ्यासक्रम वाईट नाही, पण तो वेगळ्या कामासाठी आहे. प्रायोजक, तिकिटं, प्रक्षेपणाचे हक्क, खेळाडूंचे करार, स्पर्धेच्या दिवसांतली व्यवस्था हे तिथे शिकवतात. तुला कुतूहल आहे ते जमीन कुणाची गेली, कर्ज कोण फेडतं आणि घरं कुणाला मिळाली याचं. हा शहराचा अभ्यास झाला. स्पर्धा त्यातलं एक प्रकरण. म्हणून तुझा कल मला बरोबर वाटतो, फक्त निवड करताना ‘खेळ’ हा शब्द थोडा बाजूला ठेव.

असं का म्हणतो, ते बार्सिलोनावरून कळेल. १९९२ च्या ऑलिंपिकने हे शहर पालटलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण त्या शहराचा महानगर आराखडा १९७६ चा आहे आणि यजमानपद मिळालं १९८६ मध्ये. बाह्यवळण रस्ते, पोब्लेनोउ या किनाऱ्यालगतच्या भागातले जुने कारखाने हलवणं, समुद्रकिनारा लोकांसाठी मोकळा करणं या कल्पना आधीपासून कागदावर होत्या. ऑलिंपिकने त्यांना पैसा दिला आणि न टळणारी तारीख दिली. ज्या शहरांकडे असा आराखडा नव्हता, त्यांनी बार्सिलोनाचं नाव घेऊन बोली लावल्या आणि हाती आली ती रिकामी स्टेडियमं. अर्थात बार्सिलोनातही सगळं गोड नाही. तिथे पुढे पर्यटक इतके वाढले की घरभाडी हा निवडणुकीचा मुद्दा झाला.

मॉन्ट्रियलचं उलटं. १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज तिथे २००६ मध्ये फिटलं, त्यासाठी तंबाखूवर खास कर लावावा लागला. तो धसका इतका होता की १९८४ साठी शेवटी लॉस एंजेलिस एकटंच रिंगणात उरलं. एकटं उरल्यामुळेच त्या शहराला अटी घालता आल्या. १९३२ च्या ऑलिंपिकचंच मुख्य स्टेडियम पुन्हा वापरलं आणि आयोजकांच्या हाती २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक राहिली. वाटाघाटीत कोणाची बाजू भक्कम आहे, यावर निम्मा निकाल ठरतो, हे मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. यजमान करारात वाढीव खर्चाची जबाबदारी बहुतेक वेळा स्थानिक यंत्रणांवर येते, आणि उद्‌घाटनाची तारीख सहसा पुढे ढकलता येत नसल्याने शेवटच्या वर्षात ठेकेदार सांगेल ती किंमत मोजावी लागते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेला सरासरी खर्चवाढीचा आकडा १५६ टक्के आहे, आणि १९६० पासून ज्या ऑलिंपिकचे हिशेब मिळाले त्यांपैकी एकही ठरल्या खर्चात बसलं नव्हतं.

तरी ‘फायदा की तोटा’ या प्रश्नाला एक उत्तर शोधू नकोस. फायदा कुणाचा आणि तो कोणत्या वर्षी मोजायचा, हे ठरवल्याशिवाय तो प्रश्नच अर्धा आहे. लंडन २०१२ घे. बोली लावताना खर्चाचा अंदाज सुमारे २४० कोटी पाउंड होता, २००७ मध्ये तो ९३० कोटी झाला. वर्तमानपत्री वाचकाला यात घोटाळा दिसेल. पण या वाढीत सरकार स्वतःलाच भरणार तो कर होता, मोठी राखीव तरतूद होती, सुरक्षेचा खर्च होता, आणि खासगी गुंतवणुकीचा फाजील आशावादी अंदाजही होता. यातलं काय क्षम्य आणि काय नाही, हे वेगळं काढता येणं म्हणजे तुझं कौशल्य. त्याच शहरात प्रदूषित जमीन साफ करून, विजेच्या तारा जमिनीखाली घालून पूर्व भागात मोठं उद्यान आणि घरं उभी राहिली. क्लेज लेन नावाची सहकारी गृहवसाहत मात्र त्यासाठी पाडली गेली. स्टेडियम ८०,००० आसनांचं बांधलं ते नंतर २५,००० चं करायच्या हिशेबाने. पुढे बेत बदलला, ते फुटबॉल क्लबला भाड्याने दिलं, आणि नुसत्या रूपांतरालाच ३२.३ कोटी पाउंड लागले. नंतर वापरणार कोण, हे बांधण्याआधी पक्कं न केल्याची ही किंमत. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये ब्रिटनला आलेले परदेशी प्रवासी आदल्या ऑगस्टपेक्षा कमीच होते, कारण गर्दी आणि महागाईच्या धास्तीने नेहमीचे प्रवासी फिरकलेच नाहीत. पर्यटनाचे आकडे सांगणाऱ्यांना हे नक्की विचार.

२०१६ चं ऑलिंपिक भरवणाऱ्या रिओच्या बंदराचं प्रकरण तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने वाचलंच पाहिजे. वाढीव बांधकामाचे हक्क प्रमाणपत्रांच्या रूपात विकून बंदराचा कायापालट करायचा, म्हणजे खासगी विकासक पैसे देतील, अशी ती योजना होती. २०११ च्या लिलावात सगळी प्रमाणपत्रं एकगठ्ठा विकली गेली, पण घेणारा होता कामगारांच्या निधीतून चाललेला, सरकारी बँकेच्या हातातला फंड. खासगी म्हटलेली जोखीम कामगारांच्या पैशावर आली. आणि ऑलिंपिक पार्कच्या कडेची व्हिला ऑटोड्रोमो ही वस्ती जवळजवळ पूर्ण हटवली गेली, झगडून टिकली ती मोजकी कुटुंबं.

आता अभ्यासक्रम. नगरनियोजनात पदव्युत्तर पदवी ही माझी पहिली पसंती, कारण त्यात जमिनीचे कायदे, वाहतूक, घरबांधणी आणि नकाशे एकत्र येतात. काही संस्था अर्थशास्त्राच्या पदवीधरांना थेट घेतात, काही आधी एम. ए. मागतात, तेव्हा अटी आत्ताच तपास. सार्वजनिक धोरण निवडलंस तर सार्वजनिक वित्त आणि मूल्यमापनाच्या पद्धती हे पेपर सोडू नकोस. कुठेही गेलीस तरी जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडून अभ्यासण्याचं तंत्र) आणि आकडेवारीचं एखादं सॉफ्टवेअर हात बसेपर्यंत शीक. ‘स्पर्धा झालीच नसती तर हे शहर कसं असतं’ याचा अंदाज बांधता येतो का, यावर या क्षेत्रात माणसाची पारख होते.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. फक्त क्रीडास्पर्धा आणि शहर एवढ्यावर पोट भरणारे लोक थोडे आहेत, बहुतेक संशोधनात. आयोजन समित्या हजारो माणसं घेतात आणि स्पर्धा संपली की विसर्जित होतात. अनुभव म्हणून ठीक, भरवशाची वाट नव्हे. पक्क्या जागा असतात त्या नियोजन खात्यांत, वाहतूक प्राधिकरणांत, विकास बँकांत, लेखापरीक्षण संस्थांत, गृहनिर्माणावर काम करणाऱ्या संस्थांत. सल्लागार कंपन्या पगार चांगला देतात, पण बोली लावणाऱ्यानेच पैसे दिलेल्या अहवालात रोजगाराचे आकडे कसे फुगतात, ते आत गेल्यावर दिसेल. तिथे किती दिवस राहायचं, ते तू ठरव.

आणखी एक काम सध्या वाढतंय. बोस्टनने २०२४ ची बोली २०१५ मध्ये मागे घेतली, त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या मतदारांनी सार्वमतात नकार दिला. बोली लावण्याआधी नागरिकांना समजेल असा हिशेब मांडणारी माणसं आता बोलीच्या समर्थकांना आणि विरोधकांनाही लागतात.

अर्ज भरण्याआधी एक अभ्यास कर. एका शहराची बोलीची कागदपत्रं आणि नंतरचा लेखापरीक्षण अहवाल शेजारी ठेवून वाच. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांवरचा कॅगचा २०११ चा अहवाल मोफत मिळतो, ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचे लंडनवरचे अहवालही मिळतात. एकच बाब निवड, क्रीडाग्राम म्हण किंवा एक रस्ता, आणि आश्वासन व प्रत्यक्ष यातल्या फरकावर पाचेक पानं लिही. अर्जासोबत उद्देशपत्र मागतात, त्यात ‘मला लहानपणापासून खेळाची आवड आहे’ असं लिहू नकोस. या पाच पानांतलं काय सापडलं ते लिही. बाबांनाही तीच पानं वाचायला दे.