ब्रशात पाणी किती?

मिनी, म्हणजे पटावरच्या खेळातले सैनिकांचे छोटे पुतळे, रंगवण्याबद्दल या खेपेला आलेले प्रश्न वरवर वेगळे आहेत, पण त्यातले निम्मेअधिक शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबतात. म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

प्रश्न : ग्लेझिंगसाठी (एकावर एक पातळ, पारदर्शक थर देण्यासाठी) रंग अगदी पातळ केला, तरी वाळल्यावर झग्यावर डागाच्या कडेला गडद रेघ उमटते. आणखी पातळ करू का?

नको. रंग पातळच आहे, पण ब्रश तुडुंब भरलेला आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत मीसुद्धा बरीच वर्षं केली. थेंब साचला की तो कडेने आधी वाळतो. मग मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना रंगाचे कण सोबत नेतं. पातळ रंगात हे जास्तच होतं.

ब्रश रंगात बुडवल्यावर त्याचं पोट टिशूला टेकवा. मग अंगठ्याच्या नखावर एक फटकारा ओढून बघा. थेंब उभा राहिला तर पुन्हा टिशू. नुसती ओलसर चकाकी येऊन काही सेकंदांत विरली, तर ब्रश मिनीवर न्यायला हरकत नाही. ब्रश जिथे उचलाल तिथे सगळ्यात जास्त रंग उतरतो. त्यामुळे सावली गडद करायची असेल तर फटकारा सावलीत संपवा, उजेड वाढवायचा असेल तर उंचवट्यावर. एका थराने जेमतेम फरक दिसायला हवा. सहा-सात थर लागले तर काही बिघडत नाही. अर्धवट वाळलेल्या थराला मात्र हात लावू नका. साय फाटावी तसा तो फाटतो आणि खालचा रंग उघडा पडतो.

पाण्याऐवजी थोडं ग्लेझ मीडियम (रंग पारदर्शक करणारा बिनरंगी द्रव) घातलंत तर रंग कमी फुटतो. पण आधी नखावरची परीक्षा जमू द्या, मीडियम नंतर.

प्रश्न : काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या पायाच्या थरावर) राखाडी आणि पांढरा ड्रायब्रश मारून (रंग जवळपास पुसलेला ब्रश उंचवट्यांवर घासून) वर कॉन्ट्रास्ट रंग (खाचांत गडद, उंचवट्यांवर फिके बसणारे पारदर्शक रंग) दिले. निळा-लाल छान आले, पिवळा मात्र शेवाळल्यासारखा दिसतो.

दिसणारच. काळ्यात मिसळलेला पिवळा डोळ्याला हिरवट दिसतो, आणि पारदर्शक रंगाखाली काळा ठेवला तरी तेच होतं. मिनी आणि रंग बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीने 2019 साली कॉन्ट्रास्ट रंग आणले ते मुळात फिकट प्रायमरवर द्यायचे म्हणून. काळ्यावरच्या ड्रायब्रशवर ते द्यायची युक्ती, जिला सगळे ‘स्लॅपचॉप’ म्हणतात, ती नंतर रूढ झाली. करड्या छटांत आधी उजेड-सावली बसवून वर पारदर्शक रंग द्यायचा, हे तैलचित्रकार शतकानुशतकं करत आलेत; पण खालचा थर निव्वळ काळाच हवा असा त्यांचा हट्ट कधीच नव्हता.

असा प्रयोग करा. एकाच साच्यातले चार सैनिक घ्या. एक काळा, एक गडद तपकिरी, एक जांभळा आणि एक सरळ पांढरा. पहिल्या तिघांवर सारखाच ड्रायब्रश मारा, पांढऱ्याला तसाच ठेवा आणि मग चौघांवर तोच पिवळा द्या. काय केलं ते तळाखाली लिहायला विसरू नका. आठवडाभराने काही आठवत नाही. माझ्याकडचा जांभळा मी थट्टेखातर केला होता. त्याच्या चुण्यांमध्ये इतकी ऊबदार तपकिरी सावली आली की आता पिवळ्या झग्यांना मी तोच थर देतो.

आणि ड्रायब्रश ‘ड्राय’ नसावा. पार कोरड्या ब्रशाने खडूची भुकटी उडवल्यासारखा पोत येतो. ओलसर स्पंजवर एकदा टेकवलेला, गोल टोकाचा मऊ मेकअपचा ब्रश घ्या.

प्रश्न : अॅक्रिलिकवर (पाण्याने पातळ होणाऱ्या रंगावर) ऑइल वॉश (व्हाइट स्पिरिट या द्रावकाने अगदी पातळ केलेला तैलरंग) दिला तर खालचा रंग विरघळेल का?

अॅक्रिलिक पूर्ण वाळलेलं असेल तर व्हाइट स्पिरिटने सहसा काही होत नाही. तरी एक दिवस थांबा आणि मध्ये ग्लॉस वार्निशचा थर द्या. तो संरक्षण देतोच, शिवाय गुळगुळीत असल्यामुळे वॉश आपसूक खाचांमध्ये पळतो. मॅटवर दिलात तर सगळीकडे डाग धरेल. अर्ध्या तासाने स्पंजाचा तुकडा स्पिरिटने किंचित ओला करून उंचवट्यांवरचा रंग पुसून घ्या. अॅक्रिलिक वॉशमध्ये अशी परत फिरायची सोय नाही, म्हणून चिलखतं आणि रणगाड्यांसाठी मला हाच आवडतो. काही दिवस वाळू द्या, मग मॅट वार्निश. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं नव्हे.

प्रश्न : साठ जणांच्या सैन्यावर नॉन-मेटॅलिक मेटल (धातूची चमक साध्या रंगांनी रंगवणं) करावं का?

नाही. रंगवलेली चमक एकाच कोनातून खरी वाटते आणि पटावर सैनिक सतत फिरतो. साठांना धातूचा रंग आणि वर वॉश द्या. नॉन-मेटॅलिकचा हट्ट सेनापतीच्या तलवारीवर पुरवून घ्या.

प्रश्न : प्रयोग फसलेली मिनी परत कोरी कशी करू?

प्लॅस्टिकची असेल तर आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. अॅसिटोन अजिबात नको, पॉलिस्टायरीन वितळतं. रेझिनची असेल तर आधी लपलेल्या कोपऱ्यावर थेंब लावून बघा.

प्रश्न : डोळ्यांसाठी तीन शून्यांचा (000 मापाचा, अगदी बारीक) ब्रश घेऊ का?

मी घेतला होता. त्यात रंग इतका थोडा मावतो की पॅलेटपासून डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर तो टोकावरच वाळतो. टोक शाबूत असलेला 1 क्रमांकाच्या मापाचा ब्रश जास्त कामाचा. आधी गडद तपकिरी आडवी रेघ, तिच्यात जरा आखूड मळकट पांढरी, आणि बुबुळासाठी ठिपका न देता वरपासून खालपर्यंत उभी रेघ. ठिपक्याने सैनिक भूत बघितल्यासारखा दचकलेला दिसतो. दोनदा करूनही तिरळा झाला, तर पुढच्याला हेल्मेट चढवा.