आधी करारनामा वाच

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातल्या कामगार-लढ्यावरचं तुझं प्रकरण वाचलं. पहिल्याच ओळीत ६ जुलै १८९२ ची पहाट, मोनोंगहेला नदीतून आलेले दोन बार्ज, म्हणजे मालवाहू तराफे, आणि त्यांत पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेची, कंपनीने भाड्याने आणलेली तीनशे माणसं. आणि शेवटी तुझा प्रश्न : दरकपातीची थेट झळ सव्वातीनशे जणांना बसणार होती, मग ३,८०० कामगार लढ्यात का उतरले? इथे तू अडलीस. अडणारच. आधी करारनामा वाच.

१८८९ च्या करारात कुशल कामगारांची मजुरी पोलादाच्या बिलेटच्या, म्हणजे कच्च्या लाद्यांच्या, टनामागच्या भावाला बांधलेली होती. भाव चढला की टनामागचा दर चढायचा, उतरला की उतरायचा. मात्र भाव २५ डॉलरच्या खाली घसरला तरी हिशोब २५ धरूनच व्हायचा. कारखान्याच्या मालक कार्नेगी कंपनीला हा तळ २२ वर आणायचा होता, शिवाय काही खात्यांतले टनामागचे दरही कमी करायचे होते. बोलणी झाली. कंपनीचा कारभारी फ्रिक २३ वर आला, कामगारांची संघटना २४ वर. उरला एक डॉलर. एका डॉलरसाठी एवढं रण पेटतं का? पुढचं कलम वाच.

मुदत! जुना करार ३० जूनला संपत होता. नवा ३१ डिसेंबरला संपावा, ही कंपनीची अट. ती तू तळटीपेत ढकललीस, याचा मला खरंच राग आला. अगं, ऐन थंडीत चुलीला कोळसा हवा, पोरांच्या अंगावर कपडे हवेत आणि दुसरं काम मिळत नाही. अशा महिन्यात करार संपला तर कामगार घासाघीस करत नाही, मुकाट सही करतो. भाव पुन्हा चढतो. हातची तारीख गेली ती गेलीच.

आता तुझे ३,८००. संघटनेचे सभासद त्यांत ८०० च्या आसपास. पण फ्रिकने बजावलं होतं : २४ जूनपर्यंत मान्य करा, नाहीतर यापुढे एकेकट्याशीच बोलू. ही धमकी सव्वातीनशेंपुरती नव्हती. साध्या मजुरालाही ती कळली.

आणि 'संप' हा शब्द जपून वापर. मुदत संपायच्या आतच कंपनीने खाती बंद करायला घेतली, भोवती वर काटेरी तारा लावलेलं उंच कुंपणही उभं केलं. याला टाळेबंदी म्हणतात.

मी ६ जुलैच्या गोळीबाराला कमी लेखतो, असं म्हणतात. नाही गं. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं मेली. ती कशापायी मेली हे सांगायचं तर कलमंच उलगडावी लागतात. मीही फार उशिरा तिकडे वळलो, त्याची हळहळ आहे. म्हणून तुझ्यामागे लागतो.

एका कागदावर तीन रकाने आख : तळ, टनामागचे दर, मुदत. प्रत्येकात कंपनीचं आणि संघटनेचं म्हणणं समोरासमोर लिही. मग जुलैत आलेलं साडेआठ हजारांचं राज्य सैन्यदल, संरक्षणाखाली आत नेलेले नवे कामगार, हे सगळं क्रमाने येऊ दे. लढा मोडला तो दिवसही लिही : २० नोव्हेंबर. थंडी सुरू झाली होती.