मिश्र वर्गाला डिझाइन शिकवताना सुरुवात कुठून करावी?

मॅडम, कॉम्प्युटर, कॉमर्स आणि समाजशास्त्राची मुलं एकाच वर्गात आहेत म्हणून धास्ती घेऊ नका. डिझाइन म्हणजे माणसांची अडचण समजून घेऊन त्यावर उपाय घडवणं; या विषयाला असाच वर्ग लागतो.

गट मात्र तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलंत तर कॉम्प्युटरवाले ॲप बनवतात नि बाकीचे पीपीटी सजवत बसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपायाची घाई. पहिले दोन आठवडे उपायांवर सरळ बंदी घाला. विषयही छोटा द्या. ‘गोव्यातलं पर्यटन’ नको. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईची सकाळ पुरे. मुलांनी आधी नुसतं बघायचं: टोपली कुठे ठेवते, सुटे पैसे कुठून काढते, गर्दीत यूपीआयचा आवाज तिला ऐकू येतो का. मग बोलायचं, तेही शक्यतो कोकणीत, आणि वहीत तिचेच शब्द उतरवायचे. ‘असं ॲप आवडेल का?’ हा प्रश्न बाद! भिडेखातर कुणीही ‘हो’ म्हणतं. ‘गेल्या शुक्रवारी काय केलंत?’ असं विचारू दे. फोटोआधी परवानगी, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगाच.

मग उपाय सुचला की त्याचा पहिला नमुना कागद-पुठ्ठ्याचाच हवा. सुबक झाला की मुलांचा जीव त्यात अडकतो, मग टीका सोसत नाही. तो पाच जणांना वापरून बघू द्या. एवढ्यात बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असं वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं.

गुण देताना वहीला निम्मा वाटा ठेवा. पर्सोना (वापरणाऱ्याचं प्रातिनिधिक व्यक्तिचित्र), जर्नी मॅप (त्याच्या अनुभवाचा टप्प्याटप्प्याचा नकाशा) वगैरे पुढच्या सत्रात बघू.