"माझं पात्र असंच वागेल" म्हणणाऱ्या खेळाडूचं काय करावं?

तुमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत पात्रं रंगवायचा टेबलावरचा खेळ) गटात एकजण चोराचं पात्र घेऊन सोबत्यांच्याच वस्तू ढापतो, बोललं की "माझं पात्र असंच वागेल" म्हणतो. त्याला काढावं का, असं विचारलंत. आधी त्या वाक्याचं बघू. पात्र कागदावर लिहिलं कोणी? त्यानेच. मग जबाबही त्यानेच द्यायचा.

कुडाळला आमच्या टेबलावर या वाक्यापायी एक पात्र मेलं. खेळाची पाचवी आवृत्ती, सगळी पात्रं तिसऱ्या लेव्हलची. चोराने क्लेरिकच्या, म्हणजे मंत्राने जखमा भरणाऱ्या पुजारी पात्राच्या, पिशवीतली हीलिंग पोशनची (जखमा भरणाऱ्या औषधाची) बाटली उचलली. किंमत ५० सुवर्णनाणी, पण पडलेल्याला उठवायला तेवढी पुरते. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, स्लाइट ऑफ हँडची (हातचलाखीची) फेक क्लेरिकच्या पॅसिव्ह परसेप्शनशी (न फेकता धरलेल्या सावधपणाच्या आकड्याशी) ताडली, चोरी पचली, आणि क्लेरिक खेळणारीला पत्ताच नाही. पुढच्या लढाईत फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, शून्य हिट पॉइंटवर, मरणाच्या दारात. क्लेरिकचे स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरायच्या संधी, संपलेले. फायटरची पहिली डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याची फेक, तीन अपयशं म्हणजे मरण) हुकली. क्लेरिकवालीने पिशवीत हात घातला, बाटली नाही, त्या पाळीची ॲक्शन फुकट. फायटरच्या पुढच्या फेकीत वीसमुखी फाशावर १ आला. १ म्हणजे दोन अपयशं, तीन भरली. मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफाय मंत्राला क्लेरिक पाचव्या लेव्हलचा हवा आणि ३०० नाण्यांचा हिरा हवा. बाहेर पाऊस कोसळत होता, पडवीत कोणी बोलेना. फायटरवाल्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठला.

"नियमात चोरीला मनाई नाही, डीएमने मध्ये पडू नये," हा वाद अजून चालतो. साफ चूक. फेक मागितली तिथेच डीएम मध्ये पडला होता.

सोबत्याविरुद्ध फासा मागायचाच नाही. "मी तिच्या पिशवीत हात घालतो" म्हटलं की डीएमने तिच्याकडे वळून विचारायचं: चालेल का, आणि पुढे काय होतं? हात पकडला, बाटली गेली की पिशवी रिकामीच होती, ते तिने ठरवायचं. आपल्या दशावतारात लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावर सुचतात, तरी कथानक आधी ठरलेलं असतं. संकासूर वेद पळवतो तो शेवटी विष्णूच्या हातून मरायचं कबूल करूनच. चोराचं पात्र घेणाऱ्यानेही आधी सगळ्यांसोबत बसून ठरवावं. सेशन झीरोत, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, अर्धा तास काढा: सोबत्यांच्या वस्तूंची चोरी, सोबत्यावर हल्ला, लपवलेली गद्दारी. यातल्या एकेका गोष्टीला प्रत्येकाने हो, नाही किंवा "आधी विचारून" म्हणायचं. एकाचं जरी नाही आलं तरी नाही. शिवाय प्रत्येकाने आपलं पात्र या टोळीसोबत का राहतं ते एका ओळीत लिहावं. ते जमत नसेल तर पात्र बदलावं.

सगळ्यांनी मिळून कटकारस्थानाचाच खेळ ठरवला असेल, किंवा एका रात्रीचाच डाव असेल, तर चोरी खुशाल चालू द्या.

काढायचं म्हणाल, तर आधी एकट्याला गाठून सांगा आणि गेलेली वस्तू त्याच सेशनला परत द्यायला लावा. तरीही तेच वाक्य आलं, तर पुढच्या डावाला बोलावू नका.