आईच्या हृदयातली टिश्यू (प्राण्याच्या ऊतीची) झडप निकामी. पायातल्या रक्तवाहिनीतून नवी बसवताना कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणारी धमनी) बंद पडू नये म्हणून काय करतात? (निपाणी)

धोका बराचसा टाळता येतो, पण तो आधीच्या सीटी स्कॅनवरच हेरावा लागतो. नवी झडप उघडली की जुनीची पाती (उघडझाप करणारे पातळ भाग) बाहेर ढकलली जातात आणि कोरोनरीच्या तोंडावर पडद्यासारखी बसू शकतात. म्हणून ईसीजीशी जुळवलेल्या सीटीवर संगणकात आभासी झडप बसवून तिथून कोरोनरीच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजतात. 4 मिमीपेक्षा कमी असेल तर धोका मोठा. पाती फ्रेमच्या बाहेरून शिवलेल्या झडपेत तो आणखी वाढतो, म्हणून ऑपरेशन मिरजेला झालेलं असो वा बेंगळुरूला, झडपेचं मॉडेल आणि साइज लिहिलेलं कार्ड शोधाच.

धोका दिसला तर मार्ग दोन:
- कोरोनरीत आधीच वायर आणि न फुगवलेला स्टेंट (जाळीची नळी) ठेवतात. प्रवाह अडला तर तो थोडा मागे, महाधमनीत डोकावेल असा ओढून फुगवतात. पुढे अँजिओग्राफी करणं मात्र अवघड होतं.
- बॅसिलिका नावाची पद्धत: वीज दिलेल्या वायरने पात्याच्या बुडाशी भोक पाडून ते उभं चिरतात, त्या फटीतून रक्त जातं. चिरताच झडप जोरात गळू लागते, म्हणून नवी हाताशी तयार हवी. माझ्या मते हे काम अनुभवी हातांतच द्यावं.

अडथळा काही तासांनी वा दिवसांनीही येऊ शकतो: घरी छातीत दुखलं किंवा दम लागला तर थांबू नका. अंतर फारच कमी आणि आईंची तब्येत धड असेल, तर पुन्हा उघडं ऑपरेशन करण्याबद्दलही सर्जनला जरूर विचारा.